समोर बार, खिशात दहा डॉलर... तेव्हा केलेल्या एका फोनमधून दारू सोडवणारी मिटींग सुरू झाली

तारीख ११ मे १९३५. वार शनिवार. ठिकाण, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर.

तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एक उंच, सडपातळ माणूस येरझाऱ्या घालत होता. वय ३९. एका कंपनीचा ताबा मिळवायच्या भांडणात तो न्यूयॉर्कहून इथं आला होता. डाव फसला. सोबतची माणसं परत गेली. हॉटेलचं बिल द्यायचं होतं आणि खिशात उरले होते जेमतेम दहा डॉलर.

लॉबीच्या एका टोकाला बार होता. ग्लासांचा आवाज येत होता, हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती.

या माणसाने पाच महिने दारूला हात लावला नव्हता. त्याच्या मनात आलं, बारमध्ये जाऊन नुसतं सरबत घेऊन बसू, चार माणसांशी बोलू. पण नुसतं बसायला गेलेला माणूस कुठल्या अवस्थेत बाहेर येतो, हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून चांगलंच माहीत होतं.

तो घाबरला. आणि त्याला एक गोष्ट सुचली. आत्ताच्या आत्ता आपल्याला आपल्यासारखाच दुसरा दारुडा भेटला पाहिजे.

आज कोणाला दारू सोडायची असेल तर मिटींग कुठे भरते हे विचारता येतं. पण पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांसाठी चालवलेली अशी मिटींग त्या दिवशी त्याच्या माहितीत कुठेच नव्हती. तो टेलिफोनकडे वळला.

त्याचं नाव होतं बिल विल्सन. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ए.ए. म्हणतात, त्या चळवळीचा हा एक संस्थापक. फोनवर पुढे काय झालं ते बघूच. पण त्याआधी हा गडी या लॉबीपर्यंत पोहोचला कसा, ते बघायला लागेल.

आजोबांनी चॅलेंज दिलं आणि पोरानं ते पूर्ण केलं

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ चा. व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट नावाचं छोटं गाव आहे, तिथला. त्याच्या घरच्यांचं तिथं प्रवाशांसाठी हॉटेल होतं आणि त्याच हॉटेलात, बारच्या मागच्या खोलीत, तो जन्मला.

तो दहा-अकरा वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. वडील दूर निघून गेले. आई शिक्षणासाठी बोस्टनला गेली. बिल आणि त्याची धाकटी बहीण आजोळी वाढले.

एकदा आजोबा सहज म्हणून गेले की बूमरँग बनवणं ऑस्ट्रेलियाच्या लोकांशिवाय कोणाला जमत नाही. झालं, पोरगं इरेला पेटलं. कित्येक महिने लाकडं तासत बसला आणि शेवटी फेकल्यावर परत येणारं बूमरँग बनवूनच दाखवलं. आपण पहिला नंबर काढला तरच आपल्याला किंमत आहे, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

शाळेत तो खेळात पुढे, पोरांचा पुढारी. पण १९१२ साली त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती बर्था बॅमफोर्ड नावाची मुलगी ऑपरेशननंतर अचानक गेली. बिल पार कोलमडला. अभ्यास सुटला, नैराश्य आलं. हे नैराश्य पुढे आयुष्यभर अधूनमधून परत येत राहिलं.

पहिला ग्लास

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बिल सैन्यात अधिकारी झाला. १९१७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये त्याची नेमणूक होती. तिथले बडे लोक तरुण अधिकाऱ्यांना घरी जेवायला बोलवायचे. गावाकडचा हा लाजाळू पोरगा अशा पार्टीत कोपऱ्यात उभा राहायचा. कोणाशी काय बोलावं हेच कळायचं नाही.

अशाच एका पार्टीत कोणीतरी त्याच्या हातात कॉकटेलचा ग्लास दिला. तोवर त्याला दारूची सवय नव्हती. एक ग्लास पोटात गेला आणि त्याला वाटलं आपण या लोकांतलेच आहोत. भीड चेपली, बोलणं सुचायला लागलं.

दारू पहिल्यांदा त्याच्याकडे मित्र म्हणून आली होती. बहुतेकांकडे ती अशीच येते.

२४ जानेवारी १९१८ ला त्याचं लोइस बर्नहॅमशी लग्न झालं. लोइस ब्रुकलिनमधल्या डॉक्टरची मुलगी, शिकलेली. युद्धावरून परतल्यावर बिलने कायद्याचं शिक्षण सुरू केलं, पण दारूपायी डिग्री काही हातात पडली नाही.

मग त्याला शेअर बाजाराचा नाद लागला. तेव्हा लोक कंपनीचं नाव ऐकून पैसे लावायचे. बिल म्हणायचा, आधी कारखान्यात जाऊन बघायला पाहिजे. १९२५ मध्ये नवरा-बायको साइडकार लावलेली हार्ले डेव्हिडसन घेऊन निघाले. तंबूत राहायचं, कंपन्यांची माहिती काढायची आणि वॉल स्ट्रीटला रिपोर्ट पाठवायचे. लोइसचा त्यामागे वेगळा हिशोब होता. शहरापासून लांब गेलो तर नवऱ्याची दारू सुटेल असं तिला वाटत होतं.

दारू सुटली नाही. पैसा मात्र आला आणि पैशाबरोबर पिणंही वाढलं. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. पण पिणाऱ्याला मिळायची तशी त्यालाही मिळायची.

१९२९ ला शेअर बाजार कोसळला. बिलही कोसळला. नवरा-बायको ब्रुकलिनमध्ये लोइसच्या माहेरच्या घरी येऊन राहिले. लोइस डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करायला लागली. बिल दिवसभर प्यायचा, तिच्या पर्समधले पैसे चोरायचा. शपथा घ्यायचा आणि मोडायचा. त्या शपथा खोट्या नसायच्या. घेताना त्याला खरंच सोडायची असायची. पण सुटत नव्हती.

हॉस्पिटलच्या चार वाऱ्या

१९३३ आणि १९३४ या दोन वर्षांत बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये चार वेळा भरती झाला. तिथे त्याला डॉ. विल्यम सिल्कवर्थ भेटले.

त्या काळात दारुडा म्हणजे चारित्र्याने कच्चा माणूस असंच समजलं जायचं. सिल्कवर्थ यांचं म्हणणं वेगळं होतं. काही लोकांच्या शरीराला दारूची अ‍ॅलर्जीच असते, एक घोट गेला की थांबता येत नाही. आणि मनाला तिचा असा ध्यास असतो की कळत असूनही तो पहिला घोट टाळता येत नाही. म्हणजे हा आजार आहे. आजचं विज्ञान अ‍ॅलर्जी हा शब्द वापरत नाही, पण व्यसन हा आजार आहे ही गोष्ट आता जगभरात मान्य झालीये.

आजार आहे हे कळलं म्हणून बिल बरा झाला का? तर नाही. डॉक्टरांनी लोइसला सांगून टाकलं होतं की हा असाच पीत राहिला तर मरेल किंवा वेडा होईल.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर नावाचा त्याचा जुना दोस्त घरी आला. पक्का पिणारा. बिलने ग्लास पुढे केला तर एबीने नको म्हणून सांगितलं. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती मंडळात जाऊन त्याची दारू सुटली होती. आपल्या चुका दुसऱ्यापुढे कबूल करायच्या, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, देवाकडे मदत मागायची आणि दुसऱ्यांना मदत करायची, अशी त्या मंडळाची शिकवण होती.

बिलला देवाधर्माचं वावडं. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. जे डॉक्टर, बायको, आई यांच्या बोलण्याने झालं नव्हतं ते एका पिणाऱ्याच्या बोलण्याने झालं होतं. त्याला ऐकावंसं वाटलं होतं.

११ डिसेंबर १९३४ ला तो शेवटचा भरती झाला. तिथे एका रात्री त्याला खोली प्रकाशाने भरून गेल्यासारखा अनुभव आला. आपण सुटलो असं त्याला वाटलं. कोणी याला देवाचा साक्षात्कार म्हणतं, तर कोणी तिथल्या बेलाडोना औषधाचा परिणाम म्हणतं. त्यानंतर तो कधीच प्यायला नाही, एवढं मात्र खरं.

पाच महिन्यांत एकही माणूस सुधारला नाही

हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर बिलने दिसेल त्या दारुड्याला पकडायला सुरुवात केली. घरी आणायचा, जेवू घालायचा, त्या प्रकाशाची गोष्ट सांगायचा. निकाल शून्य. एकाचीही दारू सुटली नाही.

तो वैतागला. तेव्हा लोइसने त्याला एक गोष्ट दाखवून दिली. बाकी कोणाची सुटली नसेल, पण या सगळ्या काळात बिल स्वतः प्यायला नव्हता. आणि सिल्कवर्थ यांनी सांगितलं की प्रवचन बंद कर, आधी आजार काय आहे ते सांग.

या दोन गोष्टी डोक्यात घेऊन बिल अ‍ॅक्रनला गेला होता. आता परत येऊ हॉटेलच्या लॉबीत.

बिलने चर्चच्या यादीतून एक नाव निवडलं आणि वॉल्टर टंक्स या धर्मगुरूंना फोन लावला. आपण न्यूयॉर्कचे दारुडे आहोत आणि आपल्याला इथला एखादा दारुडा भेटायला हवाय, असं त्याने सरळ सांगितलं. धर्मगुरूंनी फोन आपटला नाही. त्यांनी दहा नावं दिली.

बिल एकेक नंबर फिरवत गेला. कोणी गावाला गेलेलं, कोणाला वेळ नव्हता. असं करत करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. गुडइयर टायर कंपनी काढणाऱ्या घराण्याची ही सून. ऑक्सफर्ड ग्रुपची सभासद. आणि तिच्या ओळखीत एक असा माणूस होता ज्याच्यासाठी ती मंडळी काही आठवड्यांपासून प्रार्थना करत होती.

तो माणूस म्हणजे डॉ. बॉब स्मिथ. ५५ वर्षांचे सर्जन, पिण्यामुळे प्रॅक्टिस बुडत चाललेली. बाईंनी लगेच त्यांच्या घरी फोन केला. पण त्या दिवशी डॉक्टर येण्याच्या अवस्थेतच नव्हते. दुसऱ्या दिवशी मदर्स डे होता म्हणून त्यांनी बायकोसाठी कुंडीतलं झाड आणलं होतं. झाड टेबलावर होतं आणि डॉक्टर टेबलाखाली.

पंधरा मिनिटांची भेट सहा तास चालली

रविवारी, १२ मे ला संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर आले. हात थरथरत होते. फक्त पंधरा मिनिटं थांबणार, असं त्यांनी बायकोला आधीच बजावलं होतं. उपदेश ऐकून त्यांचे कान किटले होते.

पण बिलने उपदेश केलाच नाही. तो स्वतःबद्दल बोलला. कसा प्यायचो, काय काय लपवलं, किती शपथा मोडल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण तुम्हाला वाचवायला आलेलो नाही, आपल्यालाच तुमची गरज आहे, हे त्याने सांगून टाकलं.

डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला ज्याला हे सगळं पुस्तकातून नाही तर भोगून माहीत होतं. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी दोघं बोलतच होते.

त्यानंतर बिल डॉक्टरांच्याच घरी राहायला गेला. पण काम एका भेटीत झालं नाही. काही आठवड्यांनी डॉक्टर अटलांटिक सिटीला वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे जाऊन परत प्यायले. बिलने त्यांना सोडलं नाही. डॉक्टरांना एक ऑपरेशन करायचं होतं आणि हात थरथरत होते. तेव्हा हात स्थिर राहावेत म्हणून बिलनेच त्यांना एक बिअर दिली.

ऑपरेशन झालं. पण डॉक्टर घरी येईनात. सगळ्यांना वाटलं, गेले परत प्यायला. डॉक्टर मात्र गावभर फिरून ज्यांचे पैसे देणं होतं, ज्यांना दुखावलं होतं त्यांची दारं वाजवत होते.

ती बिअर त्यांची शेवटची ठरली. तारीख १० जून १९३५. हाच दिवस ए.ए. चा स्थापना दिवस मानतात. म्हणजे बघा, या संस्थेचा वाढदिवस उद्घाटनाचा नाही, एका माणसाच्या शेवटच्या घोटाचा आहे.

पैसा आला, पण घ्यायचा नाही

दोघांचे तिघे झाले, १९३७ पर्यंत सुमारे चाळीस. तोवर एक पेच आला होता. टाउन्स हॉस्पिटलने बिलला पगारी नोकरी देऊ केली. लोइस अजून दुकानात राबत होती, घरात पैसा नव्हता. बिल खुशीत मिटींगला गेला आणि बातमी सांगितली. लोकांचे चेहरे पडले. हे काम पगारावर सुरू झालं तर त्यातला जीव जाईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. बिलने नोकरी नाकारली.

ज्याला कायम पहिला नंबर लागायचा, त्याने पहिल्यांदाच ग्रुपचं ऐकलं.

एप्रिल १९३९ मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमस नावाचं पुस्तक आलं. बिलने लिहिलेल्या बारा पायऱ्या त्यात होत्या. त्याच वर्षी नवरा-बायकोचं राहतं घर गेलं. पुढची दोन वर्षं ते मित्रांच्या घरी सामान हलवत राहिले. मार्च १९४१ मध्ये सॅटरडे इव्हिनिंग पोस्ट या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि सुमारे दोन हजारांवर असलेली सभासदसंख्या वर्षाअखेर आठ हजारांवर गेली.

लोइसचंही सांगितलं पाहिजे. दारू सुटल्यावर बिल रोज मिटींगला पळायचा. एकदा तिने रागाने त्याच्यावर बूट फेकून मारला. इतकी वर्षं जे आपल्याला जमलं नाही ते परक्या लोकांना जमलं, याचा तो राग होता. पिणाऱ्याबरोबर घरही आजारी पडतं, हे तिला तेव्हा कळलं. पुढे १९५१ मध्ये तिने कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही चळवळ उभी करण्यात पुढाकार घेतला.

बिल संत नव्हता. नैराश्याने त्याला अनेक वर्षं छळलं. बाहेरख्यालीपणाबद्दल त्याच्यावर टीका झाली. एलएसडी घेऊन बघितल्यामुळे सभासदही चक्रावले. सिगारेट तर त्याला अगदी शेवटी शेवटीपर्यंत सोडता आली नाही. पण त्याने एक नियम पाळला. येल विद्यापीठाची मानद पदवी नाकारली, टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर यायला नकार दिला. १९५५ मध्ये चळवळीचा कारभार सभासदांच्या हातात देऊन तो बाजूला झाला.

फुप्फुसाच्या आजाराने तो खंगला. शेवटच्या आजारपणात त्याने व्हिस्की मागितली होती आणि ती त्याला दिली गेली नाही, हे त्याच्या चरित्रात नोंदवलंय. ३६ वर्षांनंतरही तो आजार शरीरात होताच. २४ जानेवारी १९७१ ला मायामीत बिल गेला. लग्नाचा ५३ वा वाढदिवस होता. सामान्य लोकांना त्याचं पूर्ण नाव कळलं ते त्यानंतरच्या पेपरमधून.

आता आपल्याकडे अशी मिटींग शोधायची असेल तर?

भारतात ए.ए. १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाली. आज महाराष्ट्रात आणि गोव्यात शाळेचे वर्ग, चर्चचे हॉल, व्यसनमुक्ती केंद्रं अशा ठिकाणी मराठी, हिंदी, कोकणी, इंग्रजीत मिटींग भरतात. ए.ए. भारतच्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर जवळची मिटींग कळते. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं तरी पत्ता मिळतो.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा. क्लोज्ड मिटींग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते, ओपन मिटींगला घरचे किंवा कोणीही येऊ शकतं. फी नसते. नाव, जात, पगार कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही, मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं तरी चालतं. एखादी मिटींग पटली नाही तर दुसरी बघायची, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे आधी डॉक्टर आणि सोबत मिटींग. मिटींग हा उपचारांना पर्याय नाही.

मिटींगचा उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्यावर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतकेच किंवा त्याहून जास्त उपयोगी ठरले. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, देवाची भाषा काहींना खटकते. पण आज सुमारे १८० देशांत लोक अशा खोल्यांत बसून एकमेकांना आपली गोष्ट सांगतायत.

बिल विल्सनची कबर ईस्ट डॉर्सेटला आहे. दगडावर त्याचं नाव आहे, सैन्यातला हुद्दा आहे. ए.ए. चा उल्लेखही नाही. तरी लांबलांबून लोक येतात आणि दारूशिवाय काढलेल्या महिन्यांची, वर्षांची आपली नाणी तिथे ठेवून जातात.

तुमच्या ओळखीत कोणी असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर त्या शनिवारची लॉबी आठवा. बिलला एकामागोमाग एक अनोळखी नंबर फिरवावे लागले होते, कारण पलीकडे असं कोणी आहे का हेच माहीत नव्हतं. आज पलीकडे माणूस आहे. आणि तो फोन उचलतो, कारण त्यालाही तुमची तेवढीच गरज असते.